सादळलेली देवी

निपाणीहून बेळगावला जाणारी मारुतीरावांची सर्व्हिस मोटार घाटाच्या पायथ्याला, ओढ्याची फरशी ओलांडली की हटकून बंद पडायची. आणि ती बंद पडली रे पडली की आजूबाजूच्या शेतांतली माणसं भांगलणीची खुरपी टाकून धावत यायची. मोटार बंद पडण्यात बघण्यासारखं काही नव्हतं. बघायचं असायचं ते तिचं पुन्हा सुरू होणं.

त्या श्रावणातल्या मंगळवारी सकाळीही तसंच झालं. घाटावरून धुकं खाली उतरलेलं, बुरबुर पाऊस लागलेला, आणि फरशीवरून घोटाभर पाणी वाहत होतं. मोटार पाणी उडवत पलीकडे गेली, दोनदा ठसकली आणि गप्प झाली. भरमू डायवर हँडल घेऊन खाली उतरतोय न उतरतोय तोच उंबराखालच्या झोपडीतून आण्णाप्पाबुवा प्रकटले. एका हातात धगधगतं धुपाटणं, गळ्यात कवड्यांची माळ, आणि कपाळावर भंडारा इतका की भुवया शोधाव्या लागाव्यात.

"ठेव त्यो हँडल खाली!" बुवा गरजले. "आईच्या उरावर हँडल मारतोस व्हय रं मुडद्या?"

भरमूनं हँडल असं टाकलं की जणू ते तापलेलं होतं. बॉनेट उघडण्यात आलं. आत इंजिनाच्या कुशीला वाटीएवढी एक काळी डबी होती आणि तिच्यातून जाड तारा निघून इंजिनात शिरल्या होत्या. काळी म्हणायची ती आपली जुन्या आठवणीनं. आषाढात बुवांनी तिला तेल-शेंदूर फासला, वर काळा दोरा बांधला आणि या डबीत घाटावरल्या आईनं ठाणं मांडलंय असं जाहीर केलं. जो हात लावील त्याचा हात वाळून काटकी होईल, हेही सांगून टाकलं. तेव्हापासून भरमू मोटारीचं चाक धूत होता, काच पुसत होता, पण त्या डबीकडे वाकडी नजरसुद्धा टाकत नव्हता.

"तायी, क्षमिसव्वा!" बुवांनी कानडीतून क्षमा मागायला सुरुवात केली, कारण आईला दोन्ही भाषा येत असाव्यात. "लोखंडाचा रेडा तुझ्या वाटंवरनं गेला, लेकरं चुकली! नारळ घे, धूप घे, पर वाट सोड!"

नारळ इंजिनाच्या लोखंडावरच फुटला. पाणी डबीवरून ओघळलं. मग बुवांनी डोळे मिटले, अंगाला झोके दिले, आणि धुपाटणं अलगद सरकवत डबीच्या खाली नेऊन धरलं. मंत्र चालू झाला. तो कुठल्या भाषेत होता हे आईलाच ठाऊक. लोक हात जोडून उभे राहिले. मोटारीतले प्रवासी छत्र्या मिटून भिजत उभे राहिले, कारण देवीसमोर छत्री धरणं बरं दिसत नाही. बऱ्याच वेळानं बुवांनी हुंकार दिला, भरमूनं हँडल मारलं आणि इंजिन धडधडायला लागलं.

"आई पावलीऽऽ!"

निपाणीच्या वखारीतले तंबाखूचे दलाल हरिभाऊ मॅट्रिकपर्यंत शिकलेले होते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, चष्मा पुसला आणि शेजारच्याला म्हणाले, "शास्त्राला सुद्धा एक मर्यादा असते बरं का."

एकीनं तेवढे हात जोडले नव्हते. ती होती विनोदिनी. निपाणीच्या दवाखान्यात बाळंतपणं करणारी नर्स. माहेर बेळगावचं, शिक्षण बेळगावचं, आणि जीभ जरा तिखट. हातातली कातडी बॅग पदराखाली धरून ती एवढंच बघत होती की डोळे घट्ट मिटलेला माणूस धुपाटणं नेमकं त्याच डबीखाली कसं नेतो. मागच्या मंगळवारी तिथंच. त्याच्या मागच्या मंगळवारीही तिथंच.

बुवांनी डोळे उघडले. त्यांची आणि तिची नजरानजर झाली. न जोडलेले हात त्यांना लगेच दिसले.

"आज आई लई जड गेली," बुवा म्हणाले. "का गेली? मोटारीत इटाळ हाय! सुवेरात हात घालणारी बाई बसलीय हितं!"

सगळ्यांच्या माना वळल्या. बाळंतिणीचा विटाळ म्हणजे सुवेर, आणि नर्सबाईचा तर रोजचा धंदाच तो. आतापर्यंत कुणाच्या डोक्यात न आलेली गोष्ट आता सगळ्यांना एकदम पटली.

"आक्का, उतरा तुमी," एकजण म्हणाला.

"मी उतरते, पण वर माळवाडीला मालुबाई माझी वाट बघतीय. तिचं आधीचं मूल जन्मतःच गेलंय. आता पायावर सूज आहे, डोकं दुखतंय. तिला दर आठवड्याला बघावं लागतं."

"बघा की. चालत जावा."

घाट चढून माळवाडीला चालत जाऊन, तपासून, उजेड असताना परतणं शक्य नव्हतं. विनोदिनीनं भरमूकडे पाहिलं. भरमूनं आपल्या पायांकडे पाहिलं. मोटार तिला तिथंच सोडून धुक्यात चढून गेली, आणि वर बेळगावपर्यंत कुठंही थांबली नाही. मग तर काय, शंकाच मिटली. संध्याकाळच्या आत निपाणीच्या बाजारात पसरलं होतं की सुवेराची बाई उतरली आणि मोटार वाऱ्यासारखी गेली.

विनोदिनी मिळेल त्या बैलगाडीनं भिजत परत आली. तिला राग आला होता, आणि रागापेक्षा भीती जास्त वाटत होती. तिच्या सुजलेल्या पेशंटला बुवांचं धुपाटणं काय उपयोगाचं?

घरी येऊन तिनं चहासाठी स्टोव्ह पुढं ओढला. काडी ओढली. काडीचं डोकं पेटायच्या ऐवजी पेटीलाच चिकटलं. दुसरीचं तेच. तिसरी मोडली. शेजारच्या अंबुबाई विड्या वळत दारात बसल्या होत्या. शेजारी शेगडी आणि शेगडीवर विड्यांचं सूप.

"सादळल्यात त्या," अंबुबाई न बघताच म्हणाल्या. "आण हिकडं."

त्यांनी काडेपेटी शेगडीच्या कडेला, विड्यांशेजारी ठेवली. "पावसाळ्यात इडी बी सादळती. न्हाय शेकली तर ओढणाऱ्याचा दम जाईल, पर इडी पेटायची न्हाय." थोड्या वेळानं त्यांनी पेटी परत दिली. विनोदिनीनं काडी ओढली आणि ती चर्रकन पेटली.

विनोदिनी पेटत्या काडीकडे बघतच राहिली. काडी बोटाला चटका देऊन विझली तेव्हा ती भानावर आली.

"अंबुबाई, मंत्र कुठला म्हटलात?"

"कसला मंतर?"

"आणि नारळ? नारळ नाही फोडला काडेपेटीपुढं?"

"भिजून ताप चढला काय गं तुला?" अंबुबाईंनी तिच्या कपाळाला हात लावला. विनोदिनी एकटीच हसत सुटली होती.

दुसऱ्या दिवशी तिनं भरमूला मोटारीच्या अड्ड्यावर गाठलं. तो तोंड चुकवत होता, पण ती काही त्याला रागवायला आली नव्हती.

"भरमू, त्या डबीत आई येऊन बसायच्या आधी काय होतं रे?"

"करंट वाटायची ती डबी," भरमू हळूच म्हणाला. "आतल्या पॉइंटातनं चार पलगांना पाळीपाळीनं करंट देती. मग आत ठिणगी पडती, पेट्रोल पेटतं, गाडी पळती."

"आणि डबी ओली झाली तर?"

"करंट सगळा ओलीतनं लोखंडात पळून जातोय. ठिणगीच पडत न्हाय. बेळगावात कॅम्पातला मिस्त्री म्हणालता मला, डबी आणि तारा पुसून कोरड्या ठेव म्हणून."

"मग पुसत का नाहीस?"

भरमूनं आजूबाजूला पाहिलं. "पर आता ती डबी न्हाय आक्का, आई हाय. आईला फडक्यानं पुसायची कशी?"

विनोदिनी मनाशी जुळवणी करू लागली. फरशीवरचं पाणी पंखा उडवतो ते डबीवर. नारळाचं पाणी ओततात ते डबीवर. ते खारट-गोडसर पाणी शेंदराच्या तेलात, धुपाच्या काजळीत मिसळून चिकट थर बसतो आणि सकाळचं धुकं त्या थरात मुरतं. बुवा रोज शेकून कालची ओल घालवत होते आणि रोज नारळ फोडून उद्याची ओल भरून ठेवत होते. रोग त्यांचाच, औषध त्यांचंच, आणि पथ्य मात्र नर्सबाईनं पाळायचं.

पुढचा मंगळवार यायच्या आधीच मालुबाईचा नवरा रवळू धापा टाकत दवाखान्यात आला. पहाटे निघून घाट उतरून आला होता. "आक्का, कळा सुरू झाल्यात. डोळ्यापुढं अंधारी येतीया म्हणती. चला!"

विनोदिनी बॅग घेऊन थेट अड्ड्यावर गेली. मोटार सुटायच्या बेतात होती. तिला बघताच आत गलका उठला. नेमके मालक मारुतीराव त्या दिवशी बेळगावच्या खडेबाजारात खरेदीला निघाले होते आणि पुढच्या सीटवर बसले होते. म्हातारा माणूस सरळ होता, पण उतारूंना घाबरणारा.

"पोरी, तुला न्हेली तर बाकीची उतरत्याल," ते म्हणाले.

"आप्पा, एकदाच बसू द्या. मोटार वाटेत थांबली आणि बुवांच्या धुपाशिवाय मला सुरू करता आली नाही, तर मी तिथंच उतरेन. परत कधी तुमच्या मोटारीच्या पायरीवर पाय ठेवणार नाही. सगळ्यांदेखत सांगते."

"आणि सुरू झाली तर?" मागून हरिभाऊंनी विचारलं. शास्त्राच्या मर्यादेचं त्यांना अजून कुतूहल होतं.

"तर मला कुणी उतरवायचं नाही."

मारुतीरावांनी रवळूच्या रडवेल्या तोंडाकडे पाहिलं आणि हातानं खूण केली, बस.

मोटार निघाली. फरशी आली. पाणी उडालं. विनोदिनी मनातल्या मनात म्हणत होती की आज नको थांबूस गं बाई. पण मोटार काही नर्स ओळखत नाही. ती ठसकली, धक्के खाल्ले आणि ठरल्या जागी गप्प झाली.

"बघा! म्हणालतो न्हाय?" आत एकच ओरड झाली. शेतांतून माणसं धावली. बुवा तर तयारच होते.

"आली परत? आईनं एकदा सांगून कळंना?" धुपाटणं फिरवत बुवांनी तिला बॉनेटपाशी अडवलं. "हात लावशील तर वाळून जाईल!"

"जाऊ दे. उजवा वाळला तर डाव्यानं बाळंतपण करीन," विनोदिनी म्हणाली आणि बॉनेट उघडलं.

माणसाच्या नाडीवर तिनं शेकडो वेळा हात ठेवला होता, मोटारीच्या नाडीवर कधीच नाही. काडेपेटीवरून मोटारीचं निदान करणारी जगातली ती पहिलीच नर्स असावी. चुकलं तर मालुबाईचं काय होईल हा विचार तिनं बाजूला सारला. तिनं काळा दोरा तोडला. बाया किंचाळल्या. "भरमू, झाकण कसं निघतं?" भरमूनं लांबूनच बोटानं दाखवलं. तिनं दोन्ही बाजूच्या कड्या सोडल्या आणि झाकण उचलून उलटं केलं.

आत देवी नव्हती. आत मुंग्या होत्या. नारळाच्या पाण्याच्या वासानं आलेल्या लाल मुंग्या, शेंदराचा चिखल, आणि झाकणाच्या पोटाला दवासारखे पाण्याचे थेंब.

"आप्पा, हात लावून बघा. कोरडं आहे का ओलं?"

मारुतीरावांनी भीत भीत बोट लावलं, मग बोटाकडे पाहिलं. बोट ओलं झालं होतं, पण वाळलं नव्हतं. विनोदिनीनं बॅगेतून स्वच्छ फडकं आणि स्पिरिट काढलं. झाकण आतून-बाहेरून पुसलं, तारा पुसल्या, नवजात पोराची बेंबी पुसावी इतक्या जपून कानाकोपरे पुसले. शेंदूर फडक्यावर उतरला. खाली डबीचा काळा रंग दिसू लागला तेव्हा भरमूनं जुना ओळखीचा माणूस भेटावा तसं पाहिलं.

"थांब जरा, स्पिरिट उडून जाऊ दे. आता मार हँडल."

भरमूनं हँडल मारलं. काही नाही.

"हाऽऽ! आई रुसली!" बुवा नाचू लागले.

"परत मार!"

मोटार धडधडली. अशी धडधडली की शेतातल्या बगळ्यांचा थवा उडाला. रवळूनं आधी रडून घेतलं आणि मग मोटारीत उडी मारली.

पण बुवा कच्च्या गुरूचे चेले नव्हते. दोन्ही हात वर करून ते ओरडले, "बघितलंसा? मी नुसता जवळ उभा ऱ्हायलो, तरी आई पावली! माझ्या नजरंनं पावली!" आणि काय सांगावं, अर्ध्या लोकांनी माना डोलावल्या. हरिभाऊसुद्धा म्हणाले, "हेही नाकारता येत नाही."

विनोदिनीचा पाय पायरीवर होता. घाटावर मालुबाई कळा देत होती. पण हे असंच सोडलं तर पुढच्या मालुबाईच्या वेळी पुन्हा हेच, हे तिला स्वच्छ दिसत होतं. ती खाली उतरली, बुवांच्या झोपडीपुढचा पाण्याचा तांब्या उचलला आणि चालू इंजिनातल्या डबीवर उपडा केला. मोटार ठसकली, दोन गचके दिले आणि मेली.

"ही बघा, मी आई कोपवली," ती म्हणाली. "ओढ्याची गरज नाही, सुवेराची गरज नाही. एक तांब्या पुरतो."

तिनं फडकं फिरवलं, झाकण काढून आतून पुसलं, बसवलं, भरमूनं हँडल मारलं, मोटार सुरू. "आणि ही पावली. बुवा, आता तुम्ही मंत्र म्हणून हिला सांभाळा, मी परत पाणी ओतते." असं म्हणून तिनं ओढ्यातनं तांब्या भरला, झाकणाची कडी सोडली आणि तांब्या तिरका केला.

"अगं आत नको!" बुवा जिवाच्या आकांतानं ओरडले. "पॉइंटात पाणी जाईल! दिसभर गाडी सुरू हुयाची न्हाय!"

मारुतीराव सावकाश म्हणाले, "बुवा, देवीला पॉइंट असत्यात व्हय?"

बुवा एक पाऊल मागं सरले. भरमू मात्र पुढं सरकून त्यांच्या भंडाऱ्याखालचा चेहरा निरखत होता. "थांबा, थांबा. कोल्हापुरात मोटारीच्या कारखान्यात किलिनर हुता न्हवं तुमी? मी शिकाऊ हुतो तिथं, तुमाला मिशा हुत्या तवा! सादळलेल्या गाड्यांना शेक द्यायला तुमीच शेगडी आणायचा की वो!"

मग जी हसाहस झाली ती काही विचारू नका. सगळ्यात मोठ्यानं हरिभाऊ हसत होते, आणि मला पहिल्यापासून संशय होता असं सांगत होते. तंबाखूची पानं सादळली तर शेकावी की उन्हात टाकावी यावर वखारीत तासभर बोलणाऱ्या या माणसाला मोटार सादळते हे कळलं नव्हतं. कळावं कसं? पानाला कुणी शेंदूर लावलेला नव्हता.

मोटार घाट चढली. विनोदिनी वेळेवर पोचली. ते सोपं बाळंतपण नव्हतं. एक वेळ अशी आली की रवळूची आई देवाला साकडं घालून बसली आणि विनोदिनीनं तिला तांब्याभर गरम पाणी आणायला उठवलं. दुपार कलता कलता मालुबाईला मुलगी झाली. पहिल्यांदा रडली नाही. विनोदिनीनं तोंड पुसलं, पाठ चोळली, पायावर टिचकी मारली, आणि मग पोरगी अशी रडली की बाहेर ओसरीवर बसलेला रवळू उठून उभा राहिला. पोरीनं पहिला श्वास घेतला तेव्हा विनोदिनीच्याही डोळ्यांत पाणी आलं, आणि ते तिनं पुसलं नाही.

आता यातून घ्यायचं काय ते साधं आहे. देव आहे की नाही हा वाद ज्यानं त्यानं आपल्या घरी घालावा. पण बंद पडलेल्या यंत्राला आणि आजारी माणसाला आधी विचारावं, बाबा, तुला झालंय काय. आणि कुणा बाईला भर पावसात मोटारीतून खाली उतरवायच्या आधी एकदा डबी उघडून बघावी. एवढं केलं तरी पुष्कळ लोक पोचायच्या ठिकाणी वेळेवर पोचतील.

आण्णाप्पाबुवांचं म्हणाल तर मारुतीरावांनी त्यांना पोलिसात दिलं नाही. मोटारीतलं त्यांना कळत होतं, हे काही खोटं नव्हतं. त्यांनी बुवांना भंडारा धुवायला लावला आणि त्याच मोटारीवर क्लीनर म्हणून ठेवलं. काम एकच, रोज सकाळी डबी कोरडी पुसायची.

पुढच्या मंगळवारी विनोदिनी मोटारीत चढली तेव्हा लोकांनी सरकून तिला खिडकीची जागा दिली. फरशी आली, पाणी उडालं, मोटार न ठसकता पलीकडे गेली. तरीही भरमूनं उंबराखाली मोटार उभी केली, सीटखालून नारळ काढला आणि बॉनेट उघडायला गेला.

"भरमू!" विनोदिनी ओरडली. "काय करतोस?"

"मालुबाईची पोरगी जगली, आक्का," भरमू ओशाळून म्हणाला. "आनंद झालाय. नारळ तर फोडायला पाहिजे."

"फोड की. पण त्या दगडावर फोड," विनोदिनी म्हणाली. "आणि खोबरं सगळ्यांना वाट."